झाशीचे प्रजासत्ताकवादी क्रांतिकारक आणि आयर्लंड : शस्त्राकडून राजकारणाकडे

झाशी : उत्तर आयर्लंडमधील सुमारे तीन दशकांच्या सशस्त्र संघर्षाला १० एप्रिल १९९८ रोजी झालेल्या ‘गुड फ्रायडे’ कराराने विराम मिळाला. शस्त्र हाती घेतलेल्या प्रजासत्ताकवाद्यांनी मतपेटीचा मार्ग कसा स्वीकारला, याचे उदाहरण म्हणून हा करार आजही जगभर अभ्यासला जातो. भारतात ‘प्रजासत्ताक’ हा शब्द आपल्या नावात धारण करणारी सशस्त्र संघटना त्याआधी सात दशके कार्यरत होती. त्या संघटनेचे एक महत्त्वाचे केंद्र बुंदेलखंडातील झाशी हे होते आणि तेथील प्रमुख कार्यकर्त्यांपैकी दोघे मराठी घरांतील होते. या क्रांतिकारकांचाही पुढे सार्वजनिक जीवनात प्रवेश झाला; मात्र त्यांच्यासाठी कोणताही करार झाला नाही. आयर्लंड आणि झाशी यांच्या वाटा कोठे जुळल्या, कोठे वेगळ्या झाल्या आणि दोन्हीकडे राजकीय कैद्यांचा प्रश्न निर्णायक का ठरला, याचा हा आढावा.

आयर्लंडचा प्रभाव

ब्रिटिश साम्राज्यात राहून त्याच्याशी झुंजणारा देश म्हणून आयर्लंडकडे भारतीय राजकारणाचे लक्ष एकोणिसाव्या शतकापासूनच होते. मराठी वाचकाला हा विषय नवा नव्हता. न. चिं. केळकर यांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी ज्या ‘होमरूल लीग’ची स्थापना केली, तिचे नावच आयरिश राजकारणातून आलेले होते. योगायोग असा, की त्याच महिन्यात, २४ एप्रिल १९१६ रोजी, डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. सनदशीर होमरूलची मागणी मागे टाकून आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा करणाऱ्या या उठावाचे नेते गोळ्या घालून मारले गेले. उठाव फसला, परंतु त्यातून १९१९ ते १९२१ या काळातील स्वातंत्र्ययुद्ध उभे राहिले.

भारतातील तरुण क्रांतिकारकांवर या दुसऱ्या टप्प्याचा प्रभाव अधिक पडला. आयरिश लढवय्या डॅन ब्रीन याच्या आठवणींचे पुस्तक त्यांच्यात आवडीने वाचले जाई. भगतसिंग यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी यांनी ब्रिटिश तुरुंगात ७४ दिवस अन्नत्याग करून २५ ऑक्टोबर १९२० रोजी प्राण सोडले होते. लाहोर तुरुंगात जतींद्रनाथ दास यांचे ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी निधन झाले, तेव्हा मॅक्स्विनी यांच्या कुटुंबाकडून शोकसंदेश आला. १८ एप्रिल १९३० रोजी चितगावच्या शस्त्रागारावर छापा घालणाऱ्या सूर्य सेन यांच्या तुकडीने ‘इंडियन रिपब्लिकन आर्मी’ हे नाव घेतले होते. तो दिवसही गुड फ्रायडेचाच होता.

झाशीतील केंद्र

‘हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन’ची स्थापना १९२४ मध्ये झाली. रामप्रसाद बिस्मिल, सचींद्रनाथ सन्याल आणि जोगेशचंद्र चॅटर्जी हे तिचे प्रमुख संघटक होते. संघटनेच्या जानेवारी १९२५ च्या पत्रकात संघराज्यात्मक भारतीय प्रजासत्ताक हे ध्येय जाहीर करण्यात आले. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव डिसेंबर १९२९ मध्ये केला, हे लक्षात घेतले म्हणजे या पत्रकाचे महत्त्व कळते.

९ ऑगस्ट १९२५ रोजीच्या काकोरी रेल्वे प्रकरणानंतर संघटनेचे बहुतेक नेते पकडले गेले. डिसेंबर १९२७ मध्ये बिस्मिल, अशफाकउल्ला खान, राजेंद्रनाथ लाहिरी आणि रोशनसिंह यांना फाशी देण्यात आली. चंद्रशेखर आझाद मात्र पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्यांनी आश्रय घेतला तो झाशीत.

झाशीत शाखेची बांधणी सचींद्रनाथ बक्षी यांनी आधीच केली होती. कलाशिक्षक मास्टर रुद्रनारायण यांचे घर हे या शाखेचे आधारस्थान होते. सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ गंगाधर वैशंपायन आणि भगवानदास माहौर हे तिघे तरुण येथूनच चळवळीत आले. यांपैकी पहिले दोघे मराठी. नेवाळकरांच्या सुभेदारीपासून झाशीत स्थायिक झालेल्या मराठी वस्तीमुळे या शहरात मराठी आडनावे परकी वाटत नव्हती आणि राणी लक्ष्मीबाईंच्या १८५८ च्या लढ्याची स्मृती येथे घराघरांत जिवंत होती.

आझाद काही काळ झाशीत मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात काम करीत, मोटार चालविण्यास शिकले. नंतर ओरछ्याजवळ सातार नदीच्या काठी एका मारुती मंदिराशेजारी कुटी बांधून ‘हरिशंकर ब्रह्मचारी’ या नावाने ते राहिले आणि जवळच्या ढिमरपुरा गावातील मुलांना शिकवू लागले. हा परिसर आज आझादपुरा म्हणून ओळखला जातो. झाशीजवळचे जंगल नेमबाजीच्या सरावासाठी उपयोगी पडे, तर रेल्वेचे मोठे जंक्शन असल्यामुळे दिल्ली, कानपूर, मुंबई या दिशांना येथून सहज संपर्क ठेवता येई.

सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीतील फिरोजशाह कोटला येथील बैठकीत संघटनेच्या नावात ‘सोशालिस्ट’ हा शब्द जोडण्यात आला. सुरक्षेच्या कारणास्तव आझाद त्या बैठकीस उपस्थित नव्हते. तथापि लष्करी विभागाची सूत्रे त्यांच्याकडेच सोपविण्यात आली. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये पोलीस अधिकारी साँडर्स याचा वध झाल्यानंतर लागलेल्या पत्रकांवर ‘हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन आर्मी’ असे नाव होते. आयरिश संघटनेच्या नावाशी त्याचे साम्य उघड आहे.

भुसावळ आणि जळगाव

झाशीच्या या शाखेचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला तो १९२९ च्या सप्टेंबरात. मलकापूरकर आणि माहौर शस्त्रसामग्री घेऊन रेल्वेने जात असताना भुसावळ स्थानकावर झडतीत सापडले. राजगुरू त्या वेळी भूमिगत होते आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना पुण्यात अटक झाली. भुसावळचा खटला पूर्व खानदेशातील जळगाव येथे चालला.

साक्षीसाठी फणींद्रनाथ घोष आणि जयगोपाल या माफीच्या साक्षीदारांना जळगावात आणण्यात आले. याच दोघांच्या साक्षींवर लाहोर कटाच्या खटल्याची मोठी मदार होती. २१ फेब्रुवारी १९३० रोजी माहौर यांनी, बाहेरून गुप्तपणे मिळालेल्या पिस्तुलातून, न्यायालयाच्या आवारात या दोघांवर गोळ्या झाडल्या. दोघेही बचावले. माहौर यांना जन्मठेपेची, तर मलकापूरकर यांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. फणींद्रनाथ घोष याची हत्या पुढे १९३२ मध्ये बेतिया येथे बैकुंठ शुक्ल यांच्या हातून झाली आणि शुक्ल यांना १९३४ मध्ये फाशी देण्यात आली. शस्त्राच्या वाटेवर एका कृत्यातून दुसरे कसे उद्भवते, याचे हे उदाहरण होते.

१९३१ : तडजोड आणि तिच्याबाहेर राहिलेले

१९३१ च्या प्रारंभी, गांधीजी आणि व्हाईसरॉय आयर्विन यांच्यातील तडजोडीची शक्यता दिसू लागली असताना, आझाद अलाहाबादेत पंडित जवाहरलाल नेहरूंना भेटले. या भेटीची हकिगत नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. तडजोड झाली तर आपल्यासारख्यांना शांतपणे जगता येईल काय, की बहिष्कृताप्रमाणे पाठलागच सुरू राहील, असा आझादांचा प्रश्न होता. केवळ दहशतीच्या कृत्यांनी काही साधणार नाही, अशी आपली व आपल्या अनेक साथींची खात्री झाल्याचे आझादांनी सांगितले. परंतु निव्वळ शांततामय मार्गाने सर्व स्वातंत्र्य मिळेल हेही त्यांना पटत नव्हते. नेहरूंपाशी निश्चित उत्तर नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच, २७ फेब्रुवारी रोजी, आल्फ्रेड पार्कमध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत आझाद यांचा अंत झाला.

त्याच महिन्यात, २ फेब्रुवारी १९३१ रोजी, भगतसिंग यांनी फाशीच्या कोठडीतून तरुण राजकीय कार्यकर्त्यांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. राजकीय लढ्यात तडजोड हे त्याज्य नव्हे, तर योग्य वेळी वापरावयाचे साधन आहे. शेतकरी आणि कामगारांचे संघटन हाच खरा पाया आहे. आणि आपण दहशतवादी नाही, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. संघटनेच्या दोन प्रमुख नेत्यांचा विचार एकाच वेळी शस्त्रापलीकडच्या राजकारणाकडे वळत होता, हे यावरून स्पष्ट होते.

५ मार्च १९३१ रोजी गांधी–आयर्विन करार झाला. त्यानुसार सत्याग्रहींची सुटका झाली. हिंसेच्या गुन्ह्यांखाली शिक्षा झालेले कैदी मात्र वगळण्यात आले. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्या फाशीबाबत गांधीजींनी व्हाईसरॉयकडे विनंती केली, २३ मार्चला शेवटचे पत्रही लिहिले. पण त्याच दिवशी तिघांना फाशी देण्यात आली. वाटाघाटी करणाऱ्या पक्षाला सरकारने मान्यता दिली होती, शस्त्रधारी पक्षाला नव्हती. आझादांच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने नकारार्थी मिळाले.

तुरुंग, निवडणूक आणि सुटका

सशस्त्र प्रजासत्ताकवाद्यांना सार्वजनिक जीवनाचे दार उघडले ते सहा वर्षांनी आणि तेही निवडणुकीच्या मार्गाने. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांनंतर काँग्रेसची मंत्रिमंडळे सत्तेवर आली. संयुक्त प्रांतात गोविंदवल्लभ पंत यांच्या सरकारने काकोरी खटल्यातील कैद्यांची सुटका केली. उरलेल्या राजकीय कैद्यांच्या प्रश्नावर गव्हर्नरांनी अडवणूक करताच फेब्रुवारी १९३८ मध्ये संयुक्त प्रांत आणि बिहारच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अखेर तोडगा निघाला आणि सुटका पुढे चालू राहिली. अहिंसेचे तत्त्व मानणाऱ्या पक्षाने ते न मानणाऱ्या कैद्यांसाठी सत्ता पणाला लावली, ही घटना भारतीय राजकारणात फारशी स्मरली जात नाही. मुंबई प्रांतातही काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळातच माहौर यांची सुटका झाली.

सुटलेल्यांनी पुन्हा गुप्त संघटना उभारली नाही. तुरुंगातील वाचन आणि चर्चांनी अनेकांचे विचार बदलले होते. लाहोर खटल्यातून निर्दोष सुटलेले अजय घोष पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. शिव वर्मा यांनीही कम्युनिस्ट चळवळीत काम केले. जोगेशचंद्र चॅटर्जी राज्यसभेचे सदस्य झाले. झाशी शाखेचे संघटक सचींद्रनाथ बक्षी उत्तर प्रदेश विधानसभेवर जनसंघातर्फे निवडून आले. यशपाल आणि मन्मथनाथ गुप्त लेखनाकडे वळले, तर दुर्गावती देवी यांनी लखनौत शाळा काढली. एकाच गुप्त संघटनेतील माणसे डाव्या आणि उजव्या अशा परस्परविरोधी पक्षांत गेली; परंतु सर्वांनी मतदाराचा निवाडा मान्य केला.

झाशीत माहौर यांनी शिक्षण पुन्हा सुरू केले, महाविद्यालयात हिंदीचे अध्यापन केले आणि १८५७ च्या संग्रामाचा हिंदी साहित्यावरील प्रभाव या विषयावर डॉक्टरेट मिळविली. वैशंपायन यांनी आझादांचे चरित्र हिंदीत लिहिले. माहौर, मलकापूरकर आणि शिव वर्मा यांच्या आठवणी ‘यश की धरोहर’ या पुस्तकात एकत्र आल्या आहेत. ज्या हातांनी भुसावळला शस्त्रे नेली, त्याच हातांनी पुढे चळवळीचा इतिहास लिहिला.

आयर्लंडचा दुसरा अध्याय

आयर्लंडमध्ये मात्र शस्त्रत्यागाची प्रक्रिया लांबली. ६ डिसेंबर १९२१ च्या अँग्लो-आयरिश कराराने दक्षिणेकडील २६ परगण्यांना स्वायत्त राज्य मिळाले आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. करार स्वीकारावा की नाही यावरून प्रजासत्ताकवाद्यांमध्येच १९२२–२३ चे यादवी युद्ध झाले. पराभूत गटाचे नेते इमन डी व्हॅलेरा यांनी १९२६ मध्ये ‘फियाना फॉल’ पक्ष स्थापन केला, १९२७ मध्ये संसदेत प्रवेश केला आणि १९३२ मध्ये निवडणुकीतून सत्ता मिळविली. त्यांच्या कारकिर्दीत १९३७ मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना भारताच्या घटनाकारांनी स्वीकारली. आयर्लंड १८ एप्रिल १९४९ रोजी, तर भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला.

उत्तरेत प्रश्न सुटला नव्हता. तेथील बहुसंख्य प्रोटेस्टंट ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छित होते, तर कॅथलिक अल्पसंख्याकांना मतदान, घरे आणि नोकऱ्या यांत भेदभाव सोसावा लागत होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागरी हक्कांच्या चळवळीवर हल्ले झाले आणि संघर्ष पेटला. पुढील तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसे मारली गेली.

वळण येथेही तुरुंगातूनच आले. राजकीय कैद्याचा दर्जा मिळावा यासाठी १९८१ मध्ये झालेल्या उपोषणात दहा कैदी मरण पावले. त्यांतील बॉबी सँड्स हे उपोषण चालू असतानाच ब्रिटिश संसदेवर निवडून आले होते. ६६ व्या दिवशी, ५ मे १९८१ रोजी, त्यांचा मृत्यू झाला. मतपेटीतून लोकांचा पाठिंबा मिळू शकतो, ही जाणीव प्रजासत्ताकवादी नेतृत्वाला त्या निवडणुकीने करून दिली. १९८६ मध्ये शिन फेन पक्षाने डब्लिनच्या संसदेवरील बहिष्कार मागे घेतला. सनदशीर राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांनी शिन फेनचे जेरी अॅडम्स यांच्याशी टीका सोसून संवाद ठेवला. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केली. ती फेब्रुवारी १९९६ मध्ये मोडली आणि जुलै १९९७ मध्ये पुन्हा लागू झाली.

कराराची रचना

१९९८ च्या कराराचे वैशिष्ट्य असे, की शस्त्रधारी गटांशी निगडित पक्ष वाटाघाटीच्या टेबलावर होते. उत्तर आयर्लंडचे भवितव्य तेथील बहुमताच्या संमतीनेच बदलेल, हे प्रजासत्ताकवाद्यांनी मान्य केले. दोन्ही समाजांनी सत्ता वाटून घ्यावी, अशी शासनपद्धती ठरली. शस्त्रसंधी पाळणाऱ्या संघटनांच्या कैद्यांची दोन वर्षांत सशर्त सुटका करण्याचे ठरले आणि ४०० हून अधिक कैदी बाहेर आले. कैद्यांची संमती किती महत्त्वाची मानली गेली, हे एका घटनेवरून कळते. जानेवारी १९९८ मध्ये वाटाघाटी डळमळीत होताच ब्रिटिश मंत्री मो मोलम स्वतः मेझ तुरुंगात गेल्या आणि ब्रिटननिष्ठ गटांच्या कैद्यांशी बोलल्या.

२२ मे १९९८ च्या सार्वमतात उत्तरेत ७१ टक्के, तर दक्षिणेत ९४ टक्के मते कराराच्या बाजूने पडली. तरीही १५ ऑगस्ट १९९८ रोजी कराराला विरोध करणाऱ्या फुटीर गटाने ओमा येथे घडविलेल्या बॉम्बस्फोटात २९ जणांचा बळी गेला. आयरिश रिपब्लिकन आर्मीने सशस्त्र मोहीम संपल्याची घोषणा जुलै २००५ मध्ये केली आणि शस्त्रे निकामी केल्याची पुष्टी त्याच वर्षी सप्टेंबरात झाली. ८ मे २००७ रोजी कट्टर ब्रिटननिष्ठ नेते इयन पेझ्ली आणि एकेकाळचे रिपब्लिकन आर्मीचे नेते मार्टिन मॅकगिनेस यांनी एकत्र सरकार स्थापन केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील प्रांताच्या पहिल्या प्रजासत्ताकवादी मुख्य मंत्री झाल्या.

या शांततेची किंमत पीडितांच्या कुटुंबांना मोजावी लागली. आपल्या माणसाचा मारेकरी शिक्षा पूर्ण होण्याआधी सुटताना पाहणे त्यांना सोसावे लागले. त्यांच्या न्यायाचा प्रश्न तेथे अजूनही वादाचा आहे.

साम्य आणि भेद

दोन्ही इतिहासांची तुलना एका मर्यादेपर्यंतच करता येते. भारतीय क्रांतिकारकांचा प्रतिस्पर्धी परकीय सत्ता होती. ती १९४७ मध्ये गेली आणि प्रौढ मताधिकारावर आधारित प्रजासत्ताक आल्यानंतर सशस्त्र लढ्याचे कारणच उरले नाही. उत्तर आयर्लंडमध्ये प्रतिस्पर्धी शेजारच्या गल्लीत राहणारा होता. त्याच्याशी करार केल्याशिवाय शांतता शक्यच नव्हती.

साम्य आहे ते कैद्यांच्या प्रश्नात. १९३१ च्या कराराने शस्त्रधाऱ्यांना बाहेर ठेवले. १९३७–३८ मध्ये लोकनियुक्त सरकारांनी त्यांच्या सुटकेसाठी आग्रह धरला, तेव्हाच त्यांना राजकारणात परतण्याची वाट मिळाली. उत्तर आयर्लंडने हेच कलम करारात घातले. शस्त्र खाली ठेवणाऱ्याला पुढे जगण्याची जागा आहे काय, हा आझादांनी १९३१ मध्ये विचारलेला प्रश्न बेलफास्टमध्ये १९९८ साली लेखी स्वरूपात सोडविला गेला.

झाशीतील स्मृती

आझादांच्या पश्चात त्यांच्या आई जगराणी देवी मध्य भारतातील भाबरा येथे हलाखीत दिवस काढीत होत्या. स्वातंत्र्यानंतर सदाशिवराव मलकापूरकर त्यांना झाशीत आपल्या घरी घेऊन आले. त्यांनी त्यांचा सांभाळ केला आणि त्यांना तीर्थयात्रा घडविली. २२ मार्च १९५१ रोजी जगराणी देवींचे निधन झाले, तेव्हा मुलाच्या जागी उभे राहून अग्नी दिला तो मलकापूरकर यांनीच. झाशीच्या बडागाव दरवाजाबाहेरील स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. सव्वा वर्षापूर्वीच देश प्रजासत्ताक झाला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरू झाले.